वामकाचा डावा पीळ

फार पूर्वी तगर नगरात वप्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका विणकराच्या घरी जन्मला. त्याचा उजवा हात जन्मापासून लुळा. डाव्या हातानेच तो टकळी फिरवी, म्हणून लोक त्याला वामक म्हणत. सूत केसासारखे बारीक, पण पीळ उलटा. विणकर ते मागावर घेत नसत.

राजाचा विणकर असलेल्या शेजारच्या रोहकाकडे राणीचे उत्सवाचे वस्त्र विणायला आले. सूत कमी पडले. वामकाच्या ओसरीवरच्या लडी त्याने न विचारता उचलल्या.

ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावताना प्रत्येक धागा चिमटीत धरून उजवीकडे वळायचा, ही तगरच्या विणकरांची सवय. रोहकाची बोटेही वळत गेली. जितके सूत वळले तितका वामकाचा पीळ सुटला आणि सूत कच्चे झाले. भर उत्सवात वस्त्र राणीच्या खांद्यावर फाटले.

“याचा अंगठा तोडा,” राजा म्हणाला.

अंगठा गेला की विणकर संपला. तेवढ्यात गर्दीतून वामक पुढे आला. रोहकाला वाटले, आता चोरीही फुटणार. अख्खा हात जाणार.

वामकाने फाटका काठ चाचपला. “महाराज, हे सूत माझे.”

“म्हणजे याने चोरले? खरे सांग. याची जागा तुला देतो.”

“न विचारता नेले, हे खरे. पण आता मी ते त्याला देऊन टाकले. वस्त्र आम्ही दोघे नवे विणून देऊ. त्याला अंगठा लागेल. आणि आमच्या आळीत एक लुळा आहे तेवढा पुरे, महाराज. दुसऱ्याला जेवू कोण घालणार?”

आधी राणी हसली. मग राजाचा राग उतरला. रोहक मटकन खाली बसला आणि अंगठा मुठीत धरून लेकरासारखा रडला.

वाटेत त्याने विचारले, “दादा, चालून आलेली जागा का सोडलीस?”

“एका हाताने कसे जगायचे ते तुला शिकवत बसलो असतो, तर माझे सूत कुणी कातले असते? चल, ताणा लाव.”

दोन्ही पिळांचे धागे शेजारी बसवून त्यांनी वस्त्र विणले. त्याचा काठ कधी मुडपला नाही. वामक गेल्यावरही तगरचे विणकर प्रत्येक काठात डाव्या पिळाचा धागा घालत राहिले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा रोहक म्हणजे सोबत्याचे चीवर उचलून आज इथे मान खाली घालून बसलेला हा भिक्खू. राजा म्हणजे आपला भिक्खू आनंद. वामक मी होतो. त्या जन्मी मी मैत्रीची पारमिता, म्हणजे तिची परिपूर्णता, साधली. धडधाकट माणसालाही ती सहज साधत नाही.”