व्हिटकमसाहेबांची दुसरी भिंत

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याच्या नावाचं संग्रहालय उभं राहतं. माजी अध्यक्ष व्हिटकम आपल्या संग्रहालयाच्या उद्घाटनाआधी पाहणीला आले. पहिल्या भिंतीवर त्यांनी बांधलेले पूल पाहून ते खूश झाले. दुसरीवर मात्र त्यांनी हरलेल्या युद्धाचा फोटो होता. त्यांनी तो फोटो उतरवून थेट काखोटीला मारला.

"माझ्या काळात जे चांगलं झालं ते माझं, वाईट झालं ते आधीच्या अध्यक्षाचं," त्यांनी संग्रहालयप्रमुख सुलक्षणा धामणकरांना बजावलं. "हा नियम पाळा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"बरं साहेब," म्हणत सुलक्षणाबाईंनी कंत्राटदाराला हाक मारली. "मागे आणखी तीन दालनं बांधायला घ्या."

साहेब खुलले. "माझ्या पुलांसाठी?"

"नाही. तुमच्यानंतर टकर अध्यक्ष झाले ना? तुमच्या नियमाने त्यांच्या काळातलं सगळं वाईट आता तुमच्याकडे येणार. नुसत्या बुडालेल्या बँकांनाच एक दालन लागेल."

टकर म्हणजे साहेबांचा हाडवैरी. साहेब स्टुलावर चढले आणि त्यांनी फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला.

"हे युद्ध माझंच आहे," ते म्हणाले. "त्या टकरचं काही इथे आणायचं नाही."