देवळीमागची फट

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या आजोबांचे आजोबाही जन्माला यायचे होते तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मागे बसून झोपेचं सोंग घेणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त नीट ऐका. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एका कोरड्या माळावरच्या गावात एक घरधनी राहत होता. घरात त्याची बायको होती आणि धाकटी विधवा बहीण होती. नवरा गेल्यावर ती भावाच्या दारी आली होती, आणि तिला दुसरं दार नव्हतं. परसात पायऱ्यांची विहीर होती. ती विहीर आटल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

घरधन्याला देवाधर्माची आवड होती. लोकांनी आपल्याला देवमाणूस म्हणावं याची त्याहून जास्त आवड होती. पाण्याच्या देवता, ज्यांना आपण आसरा म्हणतो, त्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेल्या दगडांच्या रूपाने बसलेल्या होत्या. एके वर्षी त्याच्या मनात आलं, पाण्याच्या देवतांनी उन्हात का बसावं? त्याने खालच्या पायरीजवळच्या भिंतीतला एक मोठा चिरा उपटून काढला, तिथे देवळी केली आणि आसरांना पाण्यालगत नेऊन बसवलं. सगळ्या गावाने वाहवा केली.

त्या वर्षापासून विहिरीचं पाणी जायला लागलं.

बरं, सरळ आटत गेली असती तरी समजलं असतं. पण आज विहीर भरलेली दिसे, आणि दुसऱ्या सकाळी पाणी देवळीच्या खाली गेलेलं असे. चोरी म्हणावी, तर परसाला भिंत होती. उन्हाने आटलं म्हणावं, तर ऐन थंडीतही जाई. आणि काही दिवस गेले की पाणी पुन्हा वर येई.

घरधन्याला उपाय एकच माहीत होता. पाणी गेलं की आसरांची ओटी भरायची. तांदूळ, खण, फुलं देवळीत ठासून भरायची. मग पाणी चढलं की तो मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "बघा, पावल्या!"

आणखी एक नवल होतं. देवळीत पाण्यावर सोडलेलं फूल हळूहळू मागे सरकायचं आणि भिंतीत नाहीसं व्हायचं. आसरा फूल घेतात, असं घरधन्याने गावभर सांगितलं. लांबलांबचे लोक ते बघायला यायचे आणि त्याच्याही पाया पडून जायचे.

दर पौर्णिमेला जुनी ओटी काढून देवळी स्वच्छ करायची असे. ओटी भरायचा मान भावजयीचा, कारण ती सवाष्ण. ढोपरभर पाण्यात उभं राहून कुजलेले तांदूळ आणि खण खरवडून काढायचं काम बहिणीचं, कारण ती विधवा. असा त्या घरचा न्याय होता, आणि मला त्याचा राग येतो.

एकदा देवळी घासून वर आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, आसरा फूल घेत नाहीत रे. देवळीच्या मागे फट आहे. पाणी फुलाला ओढून नेतं, हात लावला की कळतं. आणि मागच्या ओढ्याच्या काठाला जाऊन बघ. सगळा माळ करपलाय आणि तिथंच तेवढं गवत हिरवं आहे. तो चिरा परत बसव, चुन्याने सांधे भर. आसरांना वर ने."

घरधनी तापला. "देवाचं ठाण हलवू? नवऱ्याला खाऊन आलीस, आता माझ्या घरचे देव उठवायला निघालीस?"

बहीण खरवडलेली घाण टोपलीत भरून टाकायला निघून गेली.

पुढे पाऊस न झाल्याचं वर्ष आलं आणि घोटाघोटाची मारामार सुरू झाली. एके दिवशी भाकरी वाढता वाढता बायको म्हणाली, "अहो, एक सांगू? वन्संनी देवळी धुतली की पाणी जातं. मी किती तरी पौर्णिमा बघतेय."

मुलांनो, ती बोलली ते अगदी खरं होतं. कुजलेली ओटी फटीत जाऊन बसली की फट बुजायची आणि विहीर भरायची. ती खरवडून काढली की पाणी ओढ्याकडे वाट धरायचं. घरधन्याने नुसती देवळी नीट बघितली असती तरी पुरे होतं. पण देवळीकडे बघायचं, तर आपलीच चूक दिसायची. त्याने बहिणीकडे बघितलं.

"तुझ्या हाताला दोष आहे," तो म्हणाला. "सासरच्या गावी निघून जा."

"तिथं माझं कोण आहे, दादा?"

"ते मला सांगू नकोस."

बहिणीने पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "जाते. शेवटचं एकदा आसरांच्या पाया पडून येऊ?"

ती विहिरीत उतरली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा कंबरेपर्यंत भिजली होती आणि तिच्या करड्या लुगड्याचा पदर फाटलेला होता.

"वन्सं, पदर कशानं फाटला?" भावजयीने विचारलं.

"अडकला कुठं तरी," ती म्हणाली आणि भर उन्हात माळाच्या वाटेला लागली.

त्या दिवसापासून विहिरीचं पाणी हललं नाही. पौर्णिमा आली आणि गेली, विहीर भरलेलीच. लोक म्हणाले, अवदसा गेली आणि पाणी राहिलं. ही गोष्ट गावोगाव पसरली. आसरांनी फूल घेणं मात्र त्याच दिवसापासून बंद केलं होतं, पण त्याचा विचार कोणी केला नाही.

वर्ष सरलं. देवळीला कुबट वास यायला लागला, आणि घासायला आता कोणी नव्हतं. शेवटी घरधनी स्वतः पाण्यात उतरला. वरची घाण काढल्यावर पाठीमागे काही तरी घट्ट बसलेलं त्याच्या बोटांना लागलं. त्याने जोर करून ओढलं. चिखलात मळून ठासलेला एक बोळा हातात आला. तो करड्या लुगड्याचा पदर होता.

त्याच क्षणी भिंतीत गळगळ आवाज झाला आणि त्याच्या पायांशी पाणी उतरायला लागलं.

त्याला सगळं कळलं. तिने जाता जाता फट बुजवली होती. आपण गेल्यावर पाणी राहिलं, तर आपणच दोषी ठरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही भावाच्या घरी पाणी राहावं म्हणून तिने पदर फाडला होता.

तो तसाच ओल्या धोतराने तिच्या सासरच्या गावी धावला. वेशीवर एक म्हातारी बसली होती. त्याने विचारल्यावर ती म्हणाली, "आली होती बाबा. पण तिची गोष्ट तिच्याआधी येऊन पोचली होती. जिचा हात लागला की विहीर आटते, तिला पाण्याला कोण हात लावू देणार? आम्ही कुणीच लावू दिला नाही."

"मग ती गेली कुठे?"

म्हातारीने माळाकडे बोट केलं. तिथे एका बोरीच्या झुडपाशी वाटसरूंनी तिच्यावर दगडांची रास रचलेली होती.

घरी येऊन त्याने चिरा बसवला आणि चुन्याने सांधे भरले. एका दुपारचं काम होतं. आसरा पुन्हा काठावर बसल्या. पावसाळ्यात विहीर तुडुंब भरली आणि तशीच राहिली. म्हातारा होईपर्यंत घरधनी तिच्यातून रोज एक घागर भरायचा, माळ तुडवत त्या दगडांपाशी न्यायचा आणि ओतायचा. ते पाणी बघता बघता जमिनीत जिरून जायचं.

तात्पर्य: माणसाकडे बोट दाखवल्याने भिंतीतली फट बुजत नाही.