रिअ‍ॅक्टरशेजारची जागा

“रिअ‍ॅक्टर मोठा आहे म्हणून चुकला, असं तर नाही ना, सर?”

केतकीने पुन्हा विचारलं. परकार सर वाकून बघत होते.

सरांच्या पडवीतल्या सतरंजीवर तिने ड्रॉइंग पसरलं होतं. खाडीवरून वारा येत होता. कागद उडू नये म्हणून सरांनी त्यावर दोन नारळ ठेवले होते.

हमीद परकारांनी उभी हयात रसायनांच्या कारखान्यांत काढली. रिअ‍ॅक्टर निवडावा तर त्यांनीच. कोणतं रसायन कोणत्या भांड्यात सुखाने नांदेल, हे ते सोयरीक जुळवावी तसं बघत. स्वभाव बघत, घर बघत, घाई करत नसत.

केतकी मयेकर कॉलेजातून निघाली ती थेट त्यांच्या हाताखाली आली. सर निवृत्त होऊन गावी आल्यावर ती त्यांच्याच खुर्चीवर बसू लागली. आपण कुणाच्या खुर्चीवर बसतो, हे तिला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

“तापतं?” सरांनी विचारलं.

“दोन्ही रसायनं एकत्र आली की चांगलंच तापतं. पण भोवती गार पाणी खेळतं ठेवलंय. आतूनही पाण्याची वेटोळी आहेत.”

“छान.”

“वीज गेली तर वेगळा पंप.”

“छान.”

“त्यातूनही दाब वाढलाच, तर वरची पातळ चकती आधी फुटेल. वाफ परस्पर दुसऱ्या टाकीत जाईल.”

“फारच छान. माल सगळा एकदम भरायचा?”

“एकदम. एका खेपेला आठवड्याचा माल. आपल्या पट्ट्यात एवढा मोठा रिअ‍ॅक्टर कुणाकडे नाही, सर.”

“नाही खरा.”

सर हसले. मग त्यांनी डोक्यावरची विणलेली पांढरी टोपी काढली आणि ड्रॉइंगवर, रिअ‍ॅक्टरच्या गोलाला अगदी चिकटून ठेवली.

“हा मी.”

“तुम्ही?”

“उद्घाटनाला बोलावशीलच ना? मग इथे बसेन. चहा घेईन. चालेल?”

‘चालेल की’ म्हणायला केतकीने तोंड उघडलं...

पण तिचं तिला कळायच्या आत तिचा हात पुढे झाला होता. तिने टोपी अलगद उचलली आणि कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला, कंट्रोल रूमच्या जाड भिंतीपलीकडे नेऊन ठेवली.

सर टोपीकडे बघत राहिले.

“फार लांब बसवलंस.”

“सर, चेष्टा नको. तिथे रिअ‍ॅक्टरजवळ कुणी बसत नाही.”

“जातही नाही?”

“जातात ना. नमुना काढायला जावंच लागतं.”

“कोण जातं?”

“सुर्वे.”

“आपला गणपत सुर्वे? अजून गातो काम करताना?”

“गातात.” केतकीचा आवाज बारीक झाला. “बेसूरच गातात.”

तिची नजर पुन्हा रिअ‍ॅक्टरच्या गोलाकडे गेली.

खाडीत कुणीतरी होडी लोटली. वल्ह्यांचा आवाज लांब लांब गेला.

मग तिने नारळ बाजूला केले आणि ड्रॉइंग गुंडाळलं.

“सर, सरळ ‘नको’ म्हणाला असतात तर?”

“तर तो नकार माझा झाला असता, पोरी.”

निघताना त्यांनी ते दोन्ही नारळ तिच्या पिशवीत घातले. ती नको नको म्हणत होती, तरी घातले.

ऑफिसात परत आल्यावर केतकीने आपलं ड्रॉइंग आपणच मागे घेतलं. त्या जागी तिने एक लांबलचक बारीक नळी आणली, वेटोळं करून गार पाण्यात बसवलेली. दोन बाजूंनी दोन रसायनं बारीक धारेने आत यायची, वाहता वाहता एकमेकांत मिसळायची, तापायची, लगोलग निवायची आणि पलीकडून बाहेर पडायची. कोणत्याही क्षणी आत बघावं, तर माल दोन-चार बादल्यांच्या वर नाही.

ऑफिसातली मंडळी हसली. हा रिअ‍ॅक्टर की बंबाची नळी, असं एक साहेब भर बैठकीत म्हणाले. केतकीला ते लागलं. पण ती हटली नाही. आधी लहान नळीवर प्रयोग करून दाखवले, मग भांडली, मग पुन्हा प्रयोग केले. शेवटी वरच्यांनी मान डोलावली.

नळी सुरळीत चालू लागली, तेव्हा ती सरांना सांगायला गेली.

“माल पुरतो?” सरांनी विचारलं.

“पुरतो. रात्रंदिवस वाहतेच आहे ना ती. थोडं थोडं करून तेवढाच निघतो.”

“तापते?”

“तापते. पण तापून तापून तापणार किती? आत आहेच केवढंसं.”

“मग तोंड का उतरलंय?”

केतकी ओशाळली. सांगावं की नाही, असं तिला झालं. पण समोर सर होते.

“वेडेपणा आहे, सर. पण मन खट्टू होतं. पाहुणे प्लांट बघायला येतात. माना वर करकरून बघतात आणि विचारतात, रिअ‍ॅक्टर कुठाय? मी नळीकडे बोट दाखवलं, की त्यांना वाटतं मी थट्टा करते. एवढी वर्षं शिकले, एवढी धडपड केली... आणि दाखवण्यासारखं काही उरलंच नाही.”

सरांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. ती पहिला घोट घेईपर्यंत थांबले.

“कामाची पाळी सुटताना पाहुण्यांना फाटकाशी उभं कर,” ते म्हणाले. “घरी जाणारी माणसं दाखव.”