तेत्सुगोरो मल्ल आणि राक्षसाचा मुखवटा

एका राज्यात, जिथे सूर्य सगळ्या मुलखांच्या आधी उगवे, हिदेमोरी नावाचा राजा होता. त्याला दोनच गोष्टींचे वेड: मल्लांच्या कुस्त्या आणि मुखवट्यांची नाटके. मुखवटा चढवण्याआधी त्याला नमस्कार करावा, अशी तिथल्या नटांची रीत. एके दिवशी राजाला स्वतःच नाचायची हुक्की आली. घाईघाईत त्याने नमस्कार न करताच राक्षसाचा मुखवटा चढवला आणि तो तोंडाला चिकटला तो चिकटलाच. वैद्य झाले, मांत्रिक झाले, मुखवटा काही निघेना. हळूहळू राजाचा आवाजही राक्षसाचा होऊ लागला.

राजवाड्याच्या तळ्यावर एक म्हातारा सारस होता. तो माणसांसारखे बोले. त्याने राणीला सांगितले की हा मुखवटा ज्याचा, तो राक्षस समोरच्या डोंगरावर राहतो. त्याला बळाने, धीराने आणि नाट्याने असे तीनदा जिंकावे, तरच तो राजाला सोडील. मात्र झाडांचा बहर गळण्याआधी. नाहीतर राजा कायमचा राक्षस होईल.

राणीने दवंडी पिटवली. पुढे आला एकटा तेत्सुगोरो. असा थोराड मल्ल, की तो चालला तर शेजारच्या घरातली भांडी वाजत. सारस वाट दाखवायला निघाला.

डोंगरावर पहिल्या दिवशी तेत्सुगोरोने मूठभर मीठ उधळून रिंगण शुद्ध केले, जमिनीवर पाय आपटले आणि वाकून राक्षसाच्या पोटाशी भिडला. रिंगणाबाहेर जाईल तो हरला, असा तिथला नियम. रेटत रेटत त्याने राक्षसाला रिंगणाबाहेर नेऊन बसवले.

दुसऱ्या दिवशी राक्षसाच्या रंगमंचावर देवदाराचे झाड होऊन सूर्यास्तापर्यंत उभे राहायचे होते. नाकावर भुंगा बसला, पोटात कावळे ओरडले, तरी तो हलला नाही. तिसऱ्या प्रहरी एका चिमणीने त्याच्या शेंडीत घरटे बांधायला घेतले, तेव्हा राक्षसाने हार मानली.

"उद्या निरोप देणारी स्त्री हो," राक्षस म्हणाला. "मला रडव."

तेत्सुगोरोला घाम फुटला. त्या राज्यात बायकांची सोंगे पुरुषच घेत, पण ते वेतासारखे सडपातळ असत. सकाळी त्याचा रेशमी झगा पाठीवर टरकला, हातातला पंखा मोडला. राक्षस हसून लोळू लागला. सारसानेसुद्धा चोच पंखात लपवली.

तेत्सुगोरो मटकन खाली बसला. त्याला आपली आई आठवली. कुस्ती शिकायला तो घर सोडून निघाला, तेव्हा ती रडली नव्हती. नुसती त्याच्या चपलेचा बंद बांधत राहिली होती. तो तसाच वाकला. समोर नसलेल्या लेकाच्या चपलेचा बंद त्याने बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग हात मागे घेतला आणि मान वर केली नाही.

राक्षसाचे हसू थांबले. तो म्हणाला, "मलाही कुणीतरी असेच धाडले होते."

त्याच्या डोळ्यांतून पाणी गळले आणि तिकडे राजाचा मुखवटा आपोआप सुटून खाली पडला. राजाने आधी त्याला वाकून नमस्कार केला, मग आरसा मागवला.

तेत्सुगोरो परतल्यावर राजा म्हणाला, "हवे ते माग."

"महाराज, चार दिवसांची रजा. घरी जाऊन येतो."

आईने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "किती वाळलास रे," ती म्हणाली आणि घरातले सर्वांत मोठे पातेले तिने चुलीवर चढवले.

त्या राजाला जसे आपले तोंड परत मिळाले, तसे ज्याचे त्याला मिळो.