कठड्यावरचा खाऊ आणि उंबराखालच्या तिघी

एका घाटातल्या जंगलात एक वानरी राहत असे, आणि ती सदानकदा रागावलेली असे. मुलांनो, तिचा राग काही जन्मापासूनचा नव्हता. तो तिला तिच्या टोळीने आणला होता. कसा, ते ऐका.

त्या घाटात एका वळणावर दगडी कठडा होता. मोटारी तिथे थांबत, माणसे उतरून दरीचे फोटो काढत आणि जाताना कठड्यावर काहीबाही टाकून जात. बिस्किटे, वेफर्स, केकचे तुकडे, अर्धवट खाल्लेले वडे. वानरांची टोळी सकाळपासून तिथे ठाण मांडून बसे. मधोमध टोळीचा म्हातारा हुप्प्या, म्हणजे सगळ्यांत मोठा नर. पिढ्यान्‌पिढ्या कोवळी पालवी, उंबरे आणि शेंगा खाणारी ही जमात, पण झाडाचे पान शेवटचे कधी चावले ते कुणाच्या दातांना आठवत नव्हते. निम्म्यांना आठवायला दातच उरले नव्हते.

वानरीचे पिल्लू फार गोल होते. इतके गोल, की एकदा ते उतारावर बसून शिंकले आणि घरंगळत खालच्या वळणापर्यंत गेले. तिथे एका बसच्या ड्रायव्हरने टायर समजून त्याला कडेला लावून ठेवले. टोळी मात्र कौतुकाने म्हणे, "कसं गुटगुटीत आहे!" आणि ज्याला त्याला त्याच्या तोंडात काहीतरी कोंबायची घाई. पिल्लाची आत्या, म्हणजे हुप्प्याची लेक, त्यात सगळ्यांच्या पुढे. पिल्लाचा बाप दिवसभर मोटारींच्या आरशात स्वतःचे तोंड बघत असे. त्याचे या गोष्टीत काम नाही.

कठड्याजवळ एक जांभूळ होते आणि ओढ्यापलीकडे एक थोरले उंबर. बिबट्या आला की टोळी जांभळावरून उंबरावर उड्या मारून निसटत असे. ती उडी प्रत्येक पिल्लाला यावीच लागे. पावसाळा सरता सरता या पिल्लाने पहिली उडी मारली आणि अर्ध्यावरूनच ओढ्यात आपटले. पाणी होते म्हणून वाचले. पण पानगळ सुरू झाली की ओढा आटे, खाली नुसते खडक उरत, आणि त्याच दिवसांत बिबट्या उरल्यासुरल्या डबक्यावर पाण्याला येई.

ओले, थरथरणारे पिल्लू पोटाशी धरून वानरी कठड्यावर आली. "ऐका सगळे," ती म्हणाली. "आजपासून माझ्या लेकराला कठड्यावरचं काही द्यायचं नाही. ते पाला खाईल, उंबरं खाईल. पानगळीच्या आत त्याला उडी आली पाहिजे."

टोळी पोट धरून हसली. हुप्प्या म्हणाला, "सूनबाई, आम्ही हेच खाऊन म्हातारे झालो."

"मामंजी, तुम्ही लहानपणी पालाच खाल्लात. म्हणून म्हातारे झालात."

हुप्प्याला हे लागले. त्या टोळीची एक रीत होती. दुपारी सगळ्यांनी एकामागे एक बसायचे आणि पुढच्याच्या पाठीतल्या उवा काढायच्या. पाठीच्या मधोमध कुठल्याच वानराचा हात पोचत नाही. तिथे दुसराच हात लागतो. हुप्प्याने फर्मान सोडले, "जिला आमचं खाणं चालत नाही, तिला आमची रांगही चालायला नको!"

झाले. त्या दुपारपासून वानरीच्या मागे कुणी बसेना.

पहिला दिवस पिल्लू रडले. दुसऱ्या दिवशी त्याने उंबराची फळे आईच्या तोंडावर फेकून मारली. तिसऱ्या दिवशी ते अचानक शहाण्यासारखे गप्प झाले, तेव्हा वानरीला बरे वाटले. मग तिला त्याच्या ओठाला चिकटलेली साखर दिसली.

"वन्सं!" ती आत्यावर ओरडली. "तुम्ही याला काय भरवलंत?"

"अगं वहिनी, एकच बिस्कीट! एकाने काय मरतंय पोर?"

"सकाळी एक, दुपारी एक, आणि तुमच्या मैत्रिणींचं एकेक!"

"तू पण ना! लेकराच्या तोंडचा घास काढणारी आई मी पहिल्यांदाच बघते. बघ कसं सुकलंय बिचारं."

बिचारे त्या वेळी तोंड वासून ढेकर देत होते.

वानरी इतकी संतापली, की तिच्या अंगावरचे केस ताठ उभे राहिले आणि त्यांत अडकून दोन फुलपाखरे जायबंदी झाली. भांडायला वानरे पुष्कळ होती, पण "मलाही असंच होतं गं" म्हणणारे एकही नव्हते. पाठ तर अशी खाजत होती, की तिने एका खडकाला घासून घासून खडकच गुळगुळीत केला. शेवटी ती करवंदीच्या जाळीमागे गेली, तिथे वाऱ्याने आलेले एक वेफर्सचे पाकीट उचलले आणि स्वतःच त्यात तोंड खुपसले. चाटून पुसून स्वच्छ.

"मीठ जास्त आहे ना त्यात?" कुणीतरी विचारले.

पाकीट डोक्यावर घेऊनच वानरी वळली. जाळीच्या वर एक कावळी बसली होती आणि खाली एक रानडुकरीण चिखलात लोळत होती.

"बघा, बघा!" वानरी कडाडली. "हसा! पोराला पाला खा म्हणते आणि स्वतः लपून पाकिटं चाटते! सांगा जाऊन सगळ्यांना!"

"मी कशाला सांगू?" कावळी म्हणाली. "मी काल दीड भजं खाल्लं. माझ्या पिल्लांना शेव भरवून भरवून पंखच फुटेनात, म्हणून घरट्यात शेव आणायची नाही असं ठरवलं. मग बाहेर बसून मीच खाते. आमच्या झाडावरच्या कावळ्या म्हणतात, हिचं काहीतरी नवीनच."

"माझी नऊ आहेत," रानडुकरीण शांतपणे म्हणाली. "हॉटेलामागचं खरकटं बंद केलं, तर नऊच्या नऊ एका सुरात केकाटली. सासू म्हणाली, ही पोरं मारणार. दोनदा हरले. हा तिसरा डाव."

वानरीच्या डोक्यावरचे पाकीट गळून पडले. "मग पहिले दिवस काढायचे कसे?" तिने विचारले. आठवड्यात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

"चौथ्या दिवशी ती रडून दमतात," रानडुकरीण म्हणाली. "तिसऱ्या दिवशी आपण दमतो. गोची तिथे आहे."

"आणि कठड्याच्या बाजूला झोपूच नकोस," कावळी म्हणाली. "मुक्काम उंबरावर हलव. वास आला की पोरांचं डोकं फिरतं. आपलंही. बरं, तुझ्या पाठीत केवढ्या उवा आहेत गं! बघू?"

आणि ती वानरीच्या पाठीवर उतरून मधोमध टोचू लागली. वानरी आधी खेकसली, आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. "उवा फार आहेत, म्हणून," ती रागाने म्हणाली.

त्या दिवसापासून रोज दुपारी तिघी उंबराखाली जमू लागल्या. वानरी रानडुकरिणीच्या अंगातल्या गोचिड्या काढी, कावळी वानरीच्या उवा टिपी, आणि रानडुकरीण जमीन उकरून कावळीच्या पिल्लांसाठी अळ्या काढून देई. हात चालत तसे तोंडही चाले. जिने जे खाल्ले असेल ते खरे सांगायचे आणि बाकीच्या दोघींनी नाक मुरडायचे नाही, एवढा एकच नियम. एखादे दिवशी कावळी येताच म्हणे, "आज एक भजं," आणि रानडुकरीण म्हणे, "कालच्यापेक्षा अर्धं कमी. बस." कुणाचे पोर आडवे पडून किंचाळत असले, तर दुसरी त्याला फिरवून आणी, म्हणजे आईला जरा श्वास घेता येई. वानरीचा राग गेला नव्हता. पण आता ती रागावली, की दोघी ऐकून घेत आणि मधूनमधून "हो ना!" म्हणत. त्याने केवढा फरक पडतो, ते ज्याला कुणी "हो ना" म्हटलेले नाही त्यालाच कळेल.

दीडेक महिन्यात पिल्लू उंबराची फळे स्वतः तोडू लागले. रोज संध्याकाळी ते ओढ्यावरच्या बुटक्या फांद्यांवरून उड्यांचा सराव करी. मोठी उडी मात्र अजून मारली नव्हती. आणि पानगळ येऊन ठेपली होती. ओढा आटला. खडक उघडे पडले.

एका दुपारी आत्या हळूच उंबरावर आली आणि, "चल रे बाळा, जरा आजोबांना भेटून येऊ," म्हणत पिल्लाला उचलून कठड्याकडे घेऊन गेली. वानरी खाली रानडुकरिणीच्या कानामागची गोचीड काढण्यात गुंतली होती. तिने मान वर केली, तेव्हा पिल्लू ओढ्यापलीकडे, जांभळाच्या खालच्या फांदीवर बसले होते.

तेवढ्यात पाचोळा वाजला. करकर, कुर्र, करकर.

मुलांनो, पानगळीत बिबट्यालाही गुपचूप चालता येत नाही. जुनी वानरे हा आवाज ऐकला की शेंड्यावर पळत. पण या टोळीच्या कानांना आता करकर वाजणारी एकच वस्तू ठाऊक होती, आणि ती म्हणजे खाऊचे पाकीट. आवाज येताच सगळी पिल्ले आनंदाने ओरडली, "खाऊ आला!" आणि झाडावरून खाली उतरू लागली. आत्याही उतरली. खुद्द हुप्प्याने खाली बसून हात पुढे केला. वानरीचे पिल्लूसुद्धा सवयीने एक फांदी खाली सरकले.

"बिबट्या! बिबट्या!" वरून कावळीने आकाश डोक्यावर घेतले. रानडुकरीण सुळे पाजळत ओढ्याच्या खडकांवरून धावत सुटली. वानरी उंबरावर चढून काठच्या फांदीवर उभी राहिली. तिच्या आणि पिल्लाच्या मध्ये ती सगळी पोकळी होती.

"वर जा!" ती गरजली. "वरच्या फांदीवर जा आणि उडी मार!"

"आई, खाली खडक आहेत!"

"खडकांकडे बघू नकोस! माझ्याकडे बघ! मार उडी!"

पिल्लू वर चढले, पाय रोवले आणि सुटले. ते हवेत असताना वानरीचे काळीज थांबले. किती वेळ म्हणाल तर तेवढ्यात एका सुगरणीने अर्धे घरटे विणले. पिल्लाचा एक हात फांदीला लागला. दुसरा निसटला. मग दुसराही लागला. वानरीने त्याला मानगुटीला धरून वर खेचले आणि आधी एक धपाटा घातला, मग छातीशी आवळले.

पलीकडे रानडुकरीण बिबट्याला अशी आडवी गेली, की त्याचा झेप घ्यायचा क्षण हुकला. तेवढ्या वेळात टोळीने पोरे उचलली आणि जांभळाचा शेंडा गाठला. वजनाने शेंडा वाकला, पण मोडला नाही. आत्या सगळ्यांत मागे राहिली होती. तिच्या शेपटीचे टोक बिबट्याच्या दातांत राहिले. तेवढ्यावर समाधान मानून तो डबक्याकडे निघून गेला.

संध्याकाळी सगळी टोळी लांबून फिरून उंबराखाली आली. आत्या शेपूट चाटत म्हणाली, "बघितलंत? आमच्या बाळाने कशी उडी मारली! शेवटी माझ्या बिस्किटांचंच बळ ते."

हुप्प्यानेही मान डोलावली. "आपल्या घराण्याचं रक्त!"

वानरी फांदीवरून खाली उतरली. ती ओरडली नाही, आणि म्हणूनच सगळे मागे सरकले.

"वन्सं, तुमचा हात माझ्या लेकराच्या तोंडापर्यंत रोज पोचत होता. आज बिबट्या आला तेव्हा तो हात कुठे होता? आणि मामंजी, हे बळ या दोघींचं आहे. एक कावळी आणि एक डुकरीण. तुमच्या रक्ताची एकही नाही. मी उपाशी नव्हते, मला तुमचा खाऊ नको होता. 'दमलीस का' एवढं विचारणारं कुणी हवं होतं. तेवढं तुम्हांला जमलं नाही!"

टोळी एकेक करून परतली. मागे उरली एक तरुण वानरी. तिच्या कडेवरचे पोर इतके जड होते, की तिचा खांदा कलला होता.

"ताई," ती म्हणाली, "याला पण उडी येत नाही. मी काय करू?"

"इतके दिवस माझ्यापासून तोंड फिरवून बसलीस!" वानरी उसळली. "तेव्हा मी कुणाची ताई नव्हते?"

"नव्हतात. मी भ्याले होते."

रानडुकरिणीने वानरीकडे नुसते पाहिले. वानरीने खूप वेळ दात आवळून धरले. मग तिने पुढे होऊन ते जड पोर तिच्या कडेवरून घेतले आणि स्वतःच्या खांद्यावर टाकले.

"मी अजून रागावलेलीच आहे," ती म्हणाली. "दोन-चार दिवस तुझ्यावर ओरडेनसुद्धा. ते ऐकून घे, पण इथून हलू नकोस. चल, वरची फांदी रुंद आहे. दोघं मावाल."

तात्पर्य : स्वतःचे किंवा मुलाचे खाणे बदलायला निघालेल्याला "एकाने काय होते" म्हणणारे घरातच भेटतात, त्यांच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नये, त्याच वाटेने ठेचकाळत चाललेले दोघे-तिघे शोधावेत, आणि आपल्यामागून कुणी आले तर राग गिळून त्याला जागा द्यावी.