फाटलेली खीर

खूप खूप वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव लहान, पण रीतीभातींचा तोरा मोठा. त्यातलीच एक रीत अशी, की नवी सून आली की पाचव्या दिवशी तिनं एकटीनं गुळाची खीर करायची आणि गावातल्या बायकांनी ती चाखायची. खीर जमली तर चूल तिच्या हाती. बिघडली तर वर्षभर चुलीला हात लावायचा नाही. शेण काढायचं, पाणी भरायचं आणि गप्प बसायचं. आता ह्यात शहाणपण किती होतं, ते तुम्हीच ठरवा.

निवाडा द्यायची कोंडाई. सत्तरी उलटली तरी पाठीचा कणा ताठ. तिच्या पहिल्या खिरीची म्हणे गावभर वाहवा झाली होती, म्हणून हा मान तिच्याकडे आला. बाई मोठी कडक. आजवर चौघींना तिनं चुलीपासून लांब ठेवलं होतं. ती दारात दिसली की नव्या सुना पदर सावरत आत पळायच्या.

एक गोष्ट मात्र कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. कोंडाई खीर कधी खायचीच नाही. चमचाभर चाखायची, निवाडा द्यायची आणि वाटी बाजूला सारायची. विचारलं तर दात दुखतात म्हणायची.

एकदा सगुणा नावाच्या सुनेवर खीर करायची पाळी आली. ओसरीवर बायका जमल्या. कोंडाई नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसली. गुळाच्या खिरीची एक गोम असते. पातेलं उतरवावं, दूध निवू द्यावं आणि मगच गूळ घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटलंच म्हणून समजा. सगुणेला हे माहीत नव्हतं असं नाही. पण बाहेर बायका खोळंबल्या होत्या, आणि घाईत गूळ पडला तो पडलाच.

आतून सासूची कुजबुज कोंडाईच्या कानावर आली.

“रडू नकोस. मागच्या दारानं जाऊबाईंकडून खीर आणते. कुणाला कळायचं नाही.”

कोंडाई दचकून सरळ बसली. पन्नास वर्षांपूर्वी तिच्या सासूनं तिला अगदी असंच सांगितलं होतं. तेव्हा तिचंही दूध फाटलं होतं. जिची गावभर वाहवा झाली ती खीर शेजारणीच्या हातची होती.

एवढ्यात सगुणा पातेलं घेऊन बाहेर आली. वर झाकण नव्हतं. बोटं गुळानं चिकट, डोळे लाल.

“आजी, घाईत गूळ आधी पडला. माझंच चुकलं. काय ती शिक्षा सांगा.”

सगळ्यांचे डोळे कोंडाईकडे लागले. गप्प राहावं तर आपला मान राहतो, पण ही पोर वर्षभर शेण काढते. खरं बोलावं तर पन्नास वर्षांचा मान आत्ताच्या आत्ता मातीत जातो. तिनं पातेल्यात पाहिलं, मग सगुणेकडे पाहिलं.

“शिक्षा कसली देऊ, बाई? माझंही फाटलं होतं. तू सांगितलंस, मी लपवलं.”

मग तिनं पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. कुणी उठून गेलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. उलट कोपऱ्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली, की आपली तर बुडाला करपली होती, आपण वरवरची वाढली. बायका हसू लागल्या. कोंडाईच्या मनावरचं ओझं असं उतरलं, की तिलाही हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

फाटलं म्हणून कुणी टाकून देतं होय, असं म्हणत ती स्वतःच पातेलं घेऊन चुलीपाशी बसली. खीर आटवून तिच्या वड्या करायच्या होत्या. ती ढवळत होती, धुरानं ठसकत होती. तेवढ्यात तुळसा तिच्याजवळ आली. कोंडाईनं शिक्षा दिलेल्या चौघींपैकी ही एक. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली, पण तेव्हापासून कुणाच्याही कार्यात ती गोडाच्या पातेल्याजवळ फिरकली नव्हती.

“सरका आजी, धूर लागतोय तुम्हाला. मी ढवळते.”

कोंडाईनं उलथणं तिच्या हातात दिलं आणि तिच्या मनगटावर हात ठेवला. चुकलं गं माझं, असं ती अगदी हळू म्हणाली. तुळसेनं पदरानं डोळे टिपले आणि ती ढवळत राहिली.

ताटाला तूप लावून वड्या थापल्या. कोंडाईनं दोन खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. तिच्या दातांची चौकशी कुणी केली नाही.

त्या दिवसापासून गावातली रीत बदलली. नव्या सुनेची पहिली खीर आता सासू आणि सून मिळून करू लागल्या. निवाडा बंद झाला.

तात्पर्य: लपवलेली चूक आपल्याला दुसऱ्यांशी कठोर करते, आणि कबूल केलेली चूक आपल्यासोबत त्यांनाही मोकळं करते.