पहिला अंगरखा धोंड्याचा

खूप खूप जुन्या काळची ही गोष्ट. राजे तेव्हा पायी बाजारात यायचे. कारभारी मात्र तेव्हाही घाईतच असायचे.

एका नगरीत एक छापणारीण राहत होती. लाकडी चौकटीवर ती बारीक रेशीम ताणून बसवायची. जिथे रंग नको, तिथली रेशमाची छिद्रं लाखेनं बुजवायची. मग चौकट कापडावर ठेवून लाकडी पट्टीनं रंग ओढायची. पट्टी फिरली की खाली चित्र उमटलेलं. एक काढा नाहीतर हजार काढा, पहिल्या मोराचा पिसारा जेवढा, तेवढाच हजाराव्याचा.

ती चौकट तिच्या आईची. आईनं चौकटीसोबत दोन नियमही दिले होते. छापलेल्या प्रत्येक कापडाला निखाऱ्याच्या इस्त्रीचा शेक द्यायचा, तेव्हाच रंग धाग्यात मुरतो. आणि कामातलं पहिलं कापड गिऱ्हाइकाला नाही, नदीवरच्या धुण्याच्या धोंड्याला. परटिणीनं ते तीनदा आपटायचं. पाणी स्वच्छ राहिलं, तरच बाकीचा माल घराबाहेर.

छापणारणीच्या कडेवर दहा महिन्यांचं मूल होतं आणि जिवाला अखंड घोर. मूल शिंकलं तरी तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं.

त्या वर्षी राजानं नवी पेठ वसवली. शेजारच्या नगरांतून व्यापारी बोलवायला आठशे माणसं धाडायची ठरली. प्रत्येकाच्या अंगात पांढरा अंगरखा, छातीवर राजचिन्हाचा लाल हत्ती.

चितारी म्हणाले, "सहा महिने लागतील." भरतकाम करणारे म्हणाले, "दोन वर्षं, आणि आमचे डोळे गेले तर ते वेगळे." ठसेवाल्यांचा लाकडी ठसा एवढ्या मोठ्या हत्तीला पुरेना, दोन ठसे जोडले की हत्तीची सोंड मधेच तुटायची.

"मग चौकटच बरी," राजा म्हणाला आणि त्यानं चाळीस दिवस दिले.

चाळीस दिवस भरपूर होते. पण त्यातले अठ्ठावीस कारभाऱ्यानं खाल्ले. सोंड वर असावी की खाली, यात दहा दिवस गेले. शेपटीला गोंडा हवा की नको, यात नऊ. उरलेले, हत्तीच्या पायाशी स्वतःचं नाव घालण्यात. आधी ते लहानसंच होतं. मग फार लहान राहिलं नाही.

"बाई, बारा दिवस उरलेत," एका सकाळी तो दारात येऊन म्हणाला.

"छापायलाच दहा लागतील, कारभारी. शेकायला आणखी दहा. आणि पहिला अंगरखा धोंड्याला..."

"शेकायला काय रंगाचं पोट दुखतंय? वाळला की झालं! आणि राजाचा हत्ती परटिणीच्या दगडावर आपटणार? राजाच्या मानाची काही चाड आहे का?"

"पण रंग कच्चा..."

"तुझी चौकट झटपट आहे, म्हणून तर तुला निवडलं. जमत नसेल तर घाल ती चुलीत."

उमटायला क्षण लागतो, पण टिकायला वेळ लागतो, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला वाटलं, हा एवढा मोठा माणूस. आपण तर ताप नसलेल्या पोराचं कपाळही दिवसातून नऊदा चाचपतो. हाही तसाच उगाचचा घोर असेल. नाही म्हणायला तोंड होतं. पण हलली ती मान, होकारात.

तरी तिला राहवेना. एका चिंधीवर तिनं तोच हत्ती छापला, त्याला नीट शेक दिला आणि कापड वाया नको म्हणून त्याचं पोराला झबलं शिवलं. पोरानं त्यावर जे करायचं ते केलं. झबलं रोज धोंड्यावर जाऊ लागलं.

परटीण म्हणाली, "तुझा हत्ती काही हटत नाही गं. धोंडा झिजेल आधी. बाकीच्यांना शेक नाही ना? जा, राजाला सांग."

"माझं कोण ऐकणार, मावशी?"

"ऐकणं त्याच्याकडे. सांगणं तर तुझ्याकडे आहे ना?"

ती गेली नाही.

बाराव्या दिवशी तुताऱ्या वाजवत आठशे माणसं निघाली. कारभारीही तोच अंगरखा घालून निघाला, पण पालखीच्या सावलीत. ऊन चढलं, घाट लागला, अंगाला घामाच्या धारा लागल्या. आधी हत्तीची सोंड बेंबीपर्यंत ओघळली. मग हत्तीच विरघळला. शेजारच्या नगराच्या वेशीवर पोचली ती लालभडक छातीची आठशे माणसं.

पहारेकरी किंचाळला, "कत्तल! कत्तल झाली! वेस लावा!"

एकही व्यापारी बाहेर आला नाही. नव्या पेठेत पहिल्या दिवशी फक्त चिमण्या होत्या.

राजा संतापला. कारभारी हात जोडून म्हणाला, "दोष चौकटीचा, महाराज. ती रीतच कच्ची. जाळून टाकावी."

शिपायांनी चौकट आणली. अंगणात आगटी पेटवली. छापणारीण पोराला घेऊन कोपऱ्यात उभी होती. आईच्या हातानं गुळगुळीत झालेलं ते लाकूड शिपायानं आगीवर धरलं, आणि इतके दिवस साठलेली तिची सगळी भीती एकदम पेटली.

"थांब!" तिनं पोराच्या अंगातलं झबलं ओढून काढलं आणि राजापुढे टाकलं. "हाच हत्ती, हाच रंग, हीच चौकट! याला शेक दिला आणि धोंडा दाखवला, एवढाच फरक. वीस दिवस पोर यावर मुततंय!"

"राजचिन्हावर!" कारभारी ओरडला.

"हो, राजचिन्हावर! आणि मावशी रोज आपटतेय. हा हत्ती जागचा हलला नाही. तुम्ही मान राखलेल्या हत्तीला एका दुपारचा घाम सोसला नाही! अठ्ठावीस दिवस सोंडेत, शेपटीत आणि नावात घालवलेत, कारभारी, आणि जाळायला निघालात माझी चौकट?"

ती धापा टाकत होती. मग राजाकडे वळून म्हणाली, "मला ठाऊक होतं, महाराज. तरी मी गप्प बसले. त्याची शिक्षा मला द्या, चौकटीला नको."

राजानं झबलं पाण्यात बुडवलं आणि स्वतःच्या पांढऱ्या उपरण्यावर खसाखसा घासलं. उपरणं पांढरंच राहिलं. मग त्यानं ओला हात कारभाऱ्याच्या छातीवरच्या हत्तीवरून फिरवला. हत्ती गेला, आणि त्याच्याखालचं नावही.

"चौकट परत द्या," राजा म्हणाला. "आणि बाई, तुला शिक्षा हीच, की सगळे अंगरखे पुन्हा छापायचे. किती दिवस?"

"चाळीस. एकही कमी नाही."

आठशे अंगरखे धोंड्यावर धुऊन पांढरे करायचं काम कारभाऱ्याकडे आलं. परटीण काठावर बसून सांगायची, "जोरात, कारभारी! राजाचा हत्ती आहे म्हणून संकोचू नका!"

छापणारीण पुन्हा पट्टी ओढू लागली. चौकट वाचली तरी राग उतरला नव्हता. त्यातला निम्मा स्वतःवरच होता. या वेळी पहिला अंगरखा राजानं स्वतः नदीवर नेला आणि तो तीनदा आपटेपर्यंत तिथून हलला नाही. पाणी स्वच्छ राहिलं. मगच आठशे माणसं घाट चढली, आणि घामानं निथळत पोचली तेव्हा वेस उघडी होती.

तात्पर्य: घाईनं राखलेला मान पहिल्याच घामात वाहून जातो, आणि ठाऊक असून गप्प बसणाऱ्याच्या हातालाही तोच रंग लागतो.